फोटोच्या पाठीवर

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले, तेव्हा आम्ही आजीची ट्रंक पलंगावर ठेवली, दाराला कुलूप लावले आणि आईला घेऊन विश्रामबागेत मेहुण्यांकडे गेलो. २००५ च्या पुरात पाणी आमच्या गावभागातल्या घराच्या तिसऱ्या पायरीवर थांबले होते. म्हणजे पलंगाला धोका नाही, असा हिशेब. गल्लीतल्या प्रत्येक घराने तोच हिशेब केला होता. या वेळी आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले. तिथली धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. आठवड्याने कुलूप उघडले, तर भिंतीवर माझ्या छातीइतक्या उंचीवर चिखलाची रेघ होती आणि पलंग तिरका होऊन स्वयंपाकघराच्या दारात अडकला होता. ट्रंक त्याच्याखाली पालथी पडली होती.

फ्रिज, गाद्या, धान्य, पुस्तके यांचे दुःख झालेच. पण आईने विचारले ते एकच, "ट्रंकेतले फोटो?"

त्या ट्रंकेत दीडशेच्या आसपास फोटो होते. बहुतेक १९५० ते १९६२ या काळातले, निम्मे सांगलीचे आणि निम्मे साताऱ्याचे. सांगली हे आमचे घर, सातारा माझे आजोळ. काही फोटो काळ्या जाड पानांच्या अल्बममध्ये कोपरे लावून बसवलेले, काही पुठ्ठ्याच्या माउंटवर चिकटवलेले, बाकीचे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सुटे. अल्बमच्या पानांचा काळा रंग उतरून सगळीकडे पसरला होता. डब्यातल्या फोटोंची तर एक वीटच झाली होती.

मी नखाने वरचा फोटो सोडवायला गेलो आणि आत्याच्या मुंडावळ्या माझ्या बोटाला चिकटून आल्या. दुधावरची साय निघावी तशी. कागद तिथेच राहिला, पांढरा. तो क्षण मला अजून छळतो. मिरजेच्या एका ओळखीच्या फोटोग्राफरला फोन केला. त्यांनी आधी मला थांबवले. "ओढू नका. वाळू तर अजिबात देऊ नका. आहे तशी वीट स्वच्छ, गार पाण्यात ठेवा. आपोआप सुटतील." जुन्या फोटोंत कागदावर जिलेटिनचा थर असतो आणि चित्र त्या थरात असते. ओले असताना तो थर मऊ पडतो आणि एकमेकांना चिकटून वाळला की मग कायमचा चिकटतो. दोन दिवसांच्या आत काय ते करा, असे ते म्हणाले.

दोन बादल्यांतून ती वीट आणि अल्बम विश्रामबागेत नेले. गच्चीवर परातीत पाणी घेऊन आम्ही बसलो. बायको परात हलकेच हलवायची, मी पाणी बदलायचो आणि आई खुर्चीवर बसून बघायची. तासाभराने एकेक फोटो वर येऊ लागला. मग तो तळहातावर उचलायचा, चिखल पाण्यातच निथळू द्यायचा आणि चित्राची बाजू वर ठेवून टीपकागदावर सावलीत वाळवायचा. पाण्यातून वर येणारा प्रत्येक चेहरा आई आधी ओळखायची आणि आम्हाला नंतर दिसायचा. "हळू, ती माझी नणंद आहे." असे दोन दिवस चालले. नव्वदेक फोटो वाचले. पन्नासच्या वर गेले.

त्या दोन दिवसांत एक गोष्ट लक्षात आली. ज्या फोटोंच्या मागे शाईने नावे लिहिली होती, त्यांच्या पाठीवर नुसता निळा डाग उरला होता. बाबांचे सुरेख अक्षर होते, टाकाने लिहिलेले. एकही नाव वाचता येईना. आईने मात्र पेन्सिलीने लिहिले होते, कारण तिच्या म्हणण्याप्रमाणे चांगल्या फोटोवर शाई चालवायची तिची छाती होत नसे. तिची पेन्सिल जशीच्या तशी राहिली. आठवडाभर पुराच्या पाण्यात राहूनही 'सातारा, मार्गशीर्ष, १९५५' हे स्पष्ट वाचता येत होते.

हा १९५५ चा फोटो आईचा आहे, लग्नासाठी दाखवायला काढलेला. वय अठरा. त्याच्या मागे पेन्सिलीनेच लिहिले आहे, 'मॅट्रिक पास. उंची ५ फूट १ इंच.' खाली दुसऱ्या हाताने गोत्र आणि नक्षत्र. आईचे वडील, म्हणजे साताऱ्याचे आजोबा, हा फोटो पत्रिकेबरोबर पाकिटात घालून पाठवायचे. पसंती नसली की फोटो परत करायचा, असा रिवाज होता. हा फोटो दोनदा परत आला. त्याच्या एका कोपऱ्याला टाचणीची दोन भोके आहेत. तिसऱ्या वेळी तो सांगलीला आला आणि इथेच राहिला.

मी हा फोटो लहानपणापासून पाहत आलो. त्यात आई कमानदार पाठीच्या खुर्चीशेजारी उभी आहे, एक हात खुर्चीवर. मागे पडदा, त्यावर रंगवलेला जिना, खांब आणि तळे. अंगावर जरीकाठी साडी, हातात घड्याळ. वेणी मुद्दाम खांद्यावरून पुढे घेतलेली, लांबी कळावी म्हणून. त्या दिवशी गच्चीवर तो टीपकागदावर वाळत असताना आई म्हणाली, "साडी शेजारच्या काकूंची. घड्याळ मामाचं. आत खिळा टोचून पट्ट्याला नवं भोक पाडलं होतं, माझ्या मनगटाला मोठा व्हायचा." चौसष्ट वर्षांत हे तिने कुणाला सांगितले नव्हते. कुणी विचारलेच नव्हते.

मग मी विचारत गेलो. स्टुडिओ साताऱ्यात राजवाड्याच्या बाजूला, एका वाड्याच्या वरच्या मजल्यावर होता. छताचा एक भाग काचेचा, त्याखाली पांढऱ्या कापडाचे पडदे, दोरीने ओढायचे. उजेड जास्त झाला की पडदा ओढायचा, कमी झाला की सारायचा. फोटोची सगळी मदार सूर्यावर, म्हणून दहा ते तीनच्या आत या, असा निरोप असे. ढग आले तर परत जायचे. आई आणि तिची धाकटी बहीण पोवई नाक्याकडून चालत गेल्या होत्या, पिशवीत साडी घेऊन. स्टुडिओत एका कोपऱ्यात आरसा, फणी आणि पावडरचा डबा ठेवलेला असे. लाकडी कॅमेरा तीन पायांवर, मागे काळे कापड. धाकट्या मावशीने हट्ट केला म्हणून फोटोग्राफरने तिला कापडाखाली डोके घालू दिले. दुधी काचेवर तिची मोठी बहीण पाय वर, डोके खाली अशी उभी! ती किंचाळली. आईला हसू फुटले आणि ते आवरेपर्यंत फोटोग्राफर थांबून राहिले. "आता श्वास धरा," म्हणाले, भिंगावरचे झाकण काढले, मनात आकडे मोजले आणि झाकण लावले. पावती अजून आहे, रुपये ३-८-०. साडेतीन रुपये. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, त्याआधीची ही पावती, म्हणून तिच्यावर आणे.

आईच्या हनुवटीवर आणि गालावर देवीचे वण आहेत. फोटोत नाहीत. निगेटिव्हवर अणकुचीदार पेन्सिलीने एकेक ठिपका भरून ते घालवत, याला रिटचिंग म्हणायचे, आणि लग्नाच्या फोटोत ते कुणी न सांगता करत. त्यामुळे प्रत्यक्ष बघायला पाहुणे आले तेव्हा आईचा जीव मुठीत. माझी सांगलीची आजी बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिली आणि बाहेर आल्यावर आजोबांना म्हणाली, "वण असू देत, नजर सरळ आहे." हे आजीनेच आईला पुढे सांगितले. वैशाखात लग्न झाले.

सांगलीच्या घरातला सगळ्यात जुना फोटो १९५० चा आहे. त्याआधीचा एकही नाही. आमचे लोक मूळचे वाळवे तालुक्यातले. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर सातारा-सांगली भागात जी जाळपोळ झाली, तीत गावाकडचा वाडा गेला. आजोबांच्या तरुणपणाचा फोटो, पणजीचा फोटो, सगळे त्यात. आजोबा पोराबाळांना घेऊन सांगलीत आले, गणपती पेठेतल्या हळदीच्या एका पेढीवर दिवाणजी झाले, दोन खोल्यांत संसार मांडला. दोन वर्षांनी हातात थोडे पैसे आले, तेव्हा त्यांनी आधी काय केले असेल, तर सगळ्यांना स्टुडिओत नेले. घरात अजून पुरेशी अंथरुणे नव्हती. आजी नको म्हणत होती. आजोबा म्हणाले, "आपण सगळे आहोत, हे कुठेतरी राहू दे."

त्या फोटोत अकरा माणसे आहेत. आजोबा खुर्चीवर, काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, गुडघ्यावर दोन्ही हात. आजी नऊवारीत, पदर डोक्यावरून. कुणीच हसत नाही, तशी पद्धतच नव्हती. आजोबांची नखे हळदीने कायम पिवळी असत, असे आई सांगते. काळ्यापांढऱ्या फोटोत ते दिसत नाही.

या फोटोवरून घरात एक गोंधळ झाला. पुरातून वाचलेल्या फोटोंचे मी मोबाइलवर फोटो काढून नात्यातल्या सगळ्यांना पाठवले. पुण्याच्या पुतणीचा लगेच फोन, "काका, हा तर साताऱ्याचा फोटो आहे. पुठ्ठ्यावर छापलंय." पुठ्ठ्यावर उठावाच्या अक्षरांत स्टुडिओचे नाव आणि खाली 'सांगली (द. सातारा)' असे आहे. तिचा दोष नाही. १९४८ मध्ये सांगली संस्थान विलीन झाले, १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले आणि सांगली हे दक्षिण साताऱ्याचे मुख्य ठिकाण ठरले. सांगलीची माणसे पत्त्यात 'जि. द. सातारा' लिहीत. सांगली जिल्हा हे नाव मिळाले ते १९६० च्या नोव्हेंबरात, महाराष्ट्र राज्य झाल्यावर. म्हणजे ज्या फोटोवर 'द. सातारा' आहे तो १९४९ ते १९६० या अकरा वर्षांतलाच. तारीख नसलेल्या फोटोचे वय ठरवायला मला ही खूण फार उपयोगी पडली. माझे आई-वडील दोघेही एका अर्थी साताऱ्याचेच होते, हेही मला तेव्हाच उमगले.

पण मोबाइलवर फोटो पाठवून फार काही हाती लागत नाही. अंगठे येतात, हात जोडलेले येतात आणि दोन दिवसांत सगळे खाली ढकलले जाते. म्हणून दिवाळीनंतर मी नव्वद फोटोंच्या कागदी प्रती काढल्या, एका फाइलमध्ये घातल्या आणि आईला घेऊन एसटीने साताऱ्याला गेलो. मंगळवार पेठेत मोठे मामा राहतात. तेव्हा त्यांचे वय पंच्याऐंशी. त्यांनी धाकट्या मावशीला बोलावले, शेजारच्या दोन जुन्या घरांतल्या मंडळींना निरोप दिला आणि आपापले फोटो घेऊन या, असे सांगितले. मामींनी सतरंजी घातली. खिडकीतून अजिंक्यतारा दिसत होता. संध्याकाळपर्यंत त्या सतरंजीवर तीन घरांचे दोनशेच्या वर फोटो पसरले होते.

तिथे जे दिसले ते कुठल्याच एका घरात बसून कधी दिसले नसते. मामांचा कॉलेजच्या वेळचा फोटो आहे, चौकड्याच्या कोटातला. घरात सगळ्यांना वाटे की तो कोट मामांचा. शेजारच्या घरातल्या आजोबांच्या नोकरीच्या अर्जाच्या फोटोत तोच कोट. पलीकडच्या घरातल्या एका नवरदेवाच्या अंगावर तोच कोट. डाव्या खिशाच्या वर एक शिवण उसवून पुन्हा घातलेली, ती तिन्ही फोटोंत. कोट स्टुडिओचा होता. खुंटीवर टांगलेला असे आणि ज्याला हवा त्याने घालायचा. मोठा झाला तर पाठीमागे टाचण्या लावायच्या, कॅमेऱ्याला पाठ दिसत नाही. मामा कितीतरी वेळ ते तिन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून बघत होते. "आम्हाला वाटायचं, आपल्यालाच कोट नाही," ते म्हणाले.

आईच्या फोटोतला पडदाही असाच दुसऱ्या फोटोंत सापडला. रंगवलेल्या तळ्याच्या काठाशी त्याला एक ठिगळ आहे. ठिगळ नसलेले फोटो आधीचे, ठिगळ असलेले नंतरचे. शेजारच्या घरातल्या एका फोटोमागे १९५४ लिहिलेले होते आणि त्यात ठिगळ नव्हते. तेवढ्यावरून आम्ही आणखी सात-आठ फोटोंची साले लावली. मावशी त्यात सगळ्यांत तरबेज निघाली.

मामांच्या डब्यात पाच तरुणांचा एक फोटो होता. मागे फक्त '२९-११-५७'. दुसऱ्या दिवशी, ३० नोव्हेंबरला, पंडित नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण करायला येणार होते आणि संयुक्त महाराष्ट्रासाठी वाईजवळ पसरणीच्या घाटात निदर्शने व्हायची होती. हे पाच जण तिकडे निघाले होते. काय होईल सांगता येत नाही, म्हणून आदल्या दिवशी स्टुडिओत जाऊन एकत्र फोटो काढून घेतला. घरी कुणालाच सांगितले नव्हते. पाचांपैकी मामा एकटेच हयात आहेत. त्यांनी उरलेल्या चौघांची पूर्ण नावे, कोण कुठल्या पेठेतला हे सांगितले आणि मी तिथेच मागे लिहून घेतले. त्यातल्या एकाचा नातू आमच्यासमोर सतरंजीवर बसला होता. आजोबांचा विशीतला चेहरा त्याने कधी पाहिला नव्हता.

आता ज्या फोटोसाठी मी हे सगळे लिहायला बसलो, त्याकडे येतो. १९५८ च्या श्रावणात सांगलीला आईचे डोहाळजेवण झाले. माझ्या वेळचे. फुलांची वाडी भरली, हातात धनुष्यबाण दिला आणि आत्यांनी तिला टांग्यातून स्टुडिओत नेले. पुरात हा फोटो गेला, म्हणजे अर्धा गेला. परातीत तो वर आला तेव्हा धनुष्य होते, हात होते, साडीच्या निऱ्या होत्या. गळ्याच्या वर काही नव्हते. आईने तो हातात घेतला आणि उन्हाकडे तोंड करून बसली. ती रडली नाही. "जाऊ दे, तू आहेस ना," म्हणाली. मला मात्र राहवले नाही.

साताऱ्यात त्या संध्याकाळी मामींनी देवघराच्या कपाटातून एक पोस्टकार्ड काढून आईच्या हातात दिले. तोच फोटो. अख्खा. त्या काळी फोटो पोस्टकार्डाच्या आकाराच्या कागदावर छापून देत, मागे पत्ता आणि मजकुराची जागा असे. माझ्या सांगलीच्या आजीने एक प्रत व्याह्यांना टपालाने पाठवली होती. मागे तिचे अक्षर, पेन्सिलीचे, 'सौ. ची तब्येत चांगली आहे. काळजी करू नये.' आईच्या कपाळावर फुलांची जाळी, कानांत फुले, आणि हसायचे नाही असे बजावलेले असूनही ओठांच्या कडेला हसू. एकवीस वर्षांची आई. आमच्याकडच्या प्रतीची आम्ही साठ वर्षे कुलपात राखण केली, ती नदीने नेली. आजीने दुसऱ्याला देऊन टाकलेली प्रत तेवढी उरली.

परत आल्यावर वाचलेल्या प्रत्येक फोटोची प्रत मी तीन-तीन घरांत दिली आहे. मूळ फोटो आता मिरजेला आहेत, वरच्या मजल्यावर. दर रविवारी आई आणि मी त्यातले दहा फोटो घेऊन बसतो. ती सांगते, मी फोटोच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने, न दाबता लिहितो. कोण, कुठे, कुणाची कोण लागते. साडी कुणाची तेही. आई आता सत्त्याऐंशीची आहे. एखादे नाव आज येत नाही, पुढच्या रविवारी येते. काही येतच नाहीत. मी तिथे प्रश्नचिन्ह काढून ठेवतो.

अशा प्रश्नचिन्हांतला एक फोटो माझ्या टेबलावर आहे. वर्षा-दीड वर्षाचे मूल, काळे झबले, अंगभर हलव्याचे दागिने, डोक्यावर हलव्याचा मुकुट, मांडीशी बोरे आणि उसाची कांडकी. मागे तोच जिना, तेच तळे, ठिगळ नाही. म्हणजे १९५५ किंवा त्याआधीच्या संक्रांतीचा, साताऱ्याचा. आईला, मामांना, मावशीला हे मूल ओळखता आले नाही. ते जिथे कुठे असेल तिथे आता सत्तरीच्या पुढे असेल. आपल्या घरात असा पडदा असलेला जुना फोटो असेल, तर तो एकदा घरातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या माणसाला दाखवा, आणि ते जे नाव सांगतील ते त्याच वेळी पेन्सिलीने मागे लिहा.